काचेत राखलेला प्रकाश



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला कराडकर चालवीत आले आहेत, ते रसायनशास्त्राचे शिक्षक होते. त्यांच्या नावाने बोलायचे तर पाट्या टाकून चालणार नाही, आणि वर्गात शिकवून झालेले पुन्हा सांगण्यातही अर्थ नाही. म्हणून आज मी अजून घडत असलेली एक गोष्ट निवडली आहे. एका पदार्थाला अतिशय सुंदर प्रकाश देता येतो, पण तो टिकत नाही. दुसरा पदार्थ स्वतः प्रकाशत नाही, पण तो वितळतो आणि काच होतो. या दोघांना एकत्र कसे आणले, आणि एकत्र आल्यावर दोघांचेही काय झाले, एवढाच माझा विषय. त्यातून मला जे म्हणायचे आहे ते आधीच सांगून टाकतो: पदार्थविज्ञानात नवा गुण शोधणाऱ्याचा जेवढा गौरव होतो, तेवढाच तो गुण टिकवणाऱ्याचा व्हायला हवा. टिकवणे ही शोधानंतरची किरकोळ कारागिरी आहे, ही समजूत मला चुकीची वाटते.

सुरुवात लेनिनग्राडपासून करू. तिथल्या वाव्हिलोव्ह प्रकाशशास्त्र संस्थेत अलेक्सेई एकिमोव्ह हे तरुण शास्त्रज्ञ रंगीत काचेचा अभ्यास करीत होते. काचेत थोडे कॅडमियम, गंधक, सेलेनियम मिसळले की पिवळ्यापासून गडद लाल रंगापर्यंतच्या काचा मिळतात, हे काच कारखानदारांना फार आधीपासून ठाऊक होते. छायाचित्रणाच्या फिल्टरांत आणि दिव्यांच्या लाल काचांत त्या वापरल्या जात. पण एकच मिश्रण वेगवेगळ्या रीतीने तापवले तर रंग वेगळा का येतो, हे कोडे होते. एकिमोव्ह यांनी साधे मिश्रण निवडले: काचेत कॉपर क्लोराइड. ती काच त्यांनी ५०० ते ७०० अंश सेल्सियसला ठेवली, कधी १ तास, कधी ९६ तास. मग थंड झालेल्या काचेतून क्ष-किरण सोडले. काचेच्या पोटात कॉपर क्लोराइडचे इवलेसे स्फटिक वाढले होते. काही नमुन्यांत ते २ नॅनोमीटरचे होते, काहींत ३० नॅनोमीटरपर्यंत गेले होते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर, हे लक्षात घ्या. मोठे स्फटिक नेहमीच्या कॉपर क्लोराइडसारखाच प्रकाश शोषत होते. स्फटिक जसजसे लहान होत गेले तसतसे शोषण निळ्याकडे सरकत गेले.

पदार्थ तोच, घटकांचे प्रमाण तेच, आणि रंग मात्र आकारावर ठरतो! याचे कारण पुंजयामिकीत आहे. इलेक्ट्रॉनला वावरायला जागा कमी पडली की त्याच्या ऊर्जापातळ्या एकमेकींपासून दूर जातात, आणि दोन पातळ्यांतले अंतर वाढले की प्रकाश निळ्याकडे झुकतो. पाठ्यपुस्तकात ‘पेटीतला कण’ म्हणून जे गणित आपण सोडवतो, ते एकिमोव्ह यांच्या काचेत प्रत्यक्ष दिसत होते. १९८१ साली एकिमोव्ह आणि अलेक्सेई ओनुश्चेंको यांनी हे सोव्हिएत नियतकालिकात छापले. शीतयुद्धाचे दिवस होते. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत लुई ब्रूस यांना याचा पत्ताही नव्हता. १९८३ साली त्यांना कॅडमियम सल्फाइडच्या कणांत, द्रावणात तरंगत्या अवस्थेत, हाच परिणाम स्वतंत्रपणे दिसला. पुढे १९९३ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत मौंगी बवेंडी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तापलेल्या द्रावकात घटक एकदम टोचून जवळजवळ एकाच मापाचे स्फटिक बनवण्याची रीत बसवली. या तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ज्यांना आपण क्वांटम डॉट म्हणतो ते हेच नॅनोस्फटिक. आज दुकानात ‘क्यूएलईडी’ म्हणून जे दूरचित्रवाणी संच विकायला असतात, त्यांत निळ्या प्रकाशाचे शुद्ध हिरव्या आणि तांबड्यात रूपांतर करायला त्यांचा उपयोग होतो.

इथे एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. हे स्फटिक पहिल्यांदा सापडले ते काचेत. काचेत ते वर्षानुवर्षे सुरक्षित होते, पण त्यांच्यावर हुकमत चालत नव्हती. माप नेमके ठेवता येत नव्हते, पृष्ठभागाला हात लावता येत नव्हता. म्हणून संशोधक काच सोडून द्रावणाकडे वळले. द्रावणात हुकमत आली आणि सुरक्षितता गेली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा इतिहास बऱ्याच अंशी या एका देवघेवीचा इतिहास आहे.

आता ज्या पदार्थात ही देवघेव सर्वांत बोचते त्याच्याकडे येतो. पेरोव्हस्काइट हे मूळचे एका खनिजाचे नाव. १८३९ साली गुस्टाव्ह रोझे यांनी उरल पर्वतातल्या कॅल्शियम टायटॅनेटला, लेव्ह पेरोव्हस्की या रशियन खनिजसंग्राहकाच्या सन्मानार्थ, ते दिले. त्याच धाटणीची अणुरचना असलेल्या साऱ्या पदार्थांना आता ते लागू होते. सीझियम, शिसे आणि हॅलोजन, म्हणजे क्लोरिन, ब्रोमिन किंवा आयोडिन, यांची अशी संयुगे अमेरिकेतील होरेस वेल्स यांनी १८९३ सालीच तयार केली होती. १९५८ साली कोपनहेगनच्या ख्रिस्तियान म्योलर यांनी त्यांची रचना पेरोव्हस्काइटची असल्याचे दाखवले. त्यानंतर ती जवळजवळ विस्मरणात गेली. २०१५ साली झुरिकमध्ये माक्सिम कोव्हालेन्को यांच्या गटाने त्यांचे ४ ते १५ नॅनोमीटरचे स्फटिक बनवले आणि साऱ्या क्षेत्राचे डोळे दिपले. हॅलोजन बदलला की जांभळ्यापासून लालपर्यंत हवा तो रंग, तोही अगदी अरुंद पट्ट्यात, आणि शोषलेल्या प्रत्येक १०० प्रकाशकणांमागे ९० पर्यंत प्रकाशकण परत!

त्याच वर्षी आपल्या पुण्यातही हे काम झाले, हे इथे आवर्जून सांगायला हवे. पुण्याच्या आयसरमध्ये अंगशुमन नाग आणि अभिषेक स्वर्णकार यांनी, मुंबई आयआयटीच्या अरिंदम चौधुरींच्या सहकार्याने, सीझियम लेड ब्रोमाइडच्या नॅनोस्फटिकांवरचा निबंध २०१५ मध्येच प्रसिद्ध केला. एकेका स्फटिकाचा प्रकाश मोजून, हे जुन्या कॅडमियमच्या क्वांटम डॉटपेक्षा कुठे सरस आहेत, ते त्यांनी दाखवले. जगाच्या बरोबरीने, त्याच वर्षात. आपल्याकडे विज्ञानाच्या बातम्या पाच-दहा वर्षे उशिरा येतात असे मानणाऱ्यांनी हा निबंध मुद्दाम पाहावा.

मग अडचण कुठे आहे? सीझियम लेड आयोडाइड जवळून पाहू. तांबड्या प्रकाशासाठी हवा तो हाच. ताज्या स्थितीत त्याची भुकटी काळी असते आणि नॅनोस्फटिकांच्या रूपात अतिनील दिव्याखाली ती लालभडक उजळते. ही काळी अवस्था त्याला मुळात मानवते ३२० अंशांच्या वर. खोलीच्या तापमानाला, त्यातून हवेत ओल असेल तर, ती पिवळी पडते. अणू तेच आणि तेवढेच राहतात, फक्त त्यांची मांडणी बदलते. शिसे आणि आयोडिन यांचे अष्टफलक कोपऱ्याला कोपरा जोडून एक चौकट उभी करतात आणि मधल्या पोकळीत सीझियम बसतो. पण सीझियमचा अणू त्या पोकळीच्या मानाने लहान आहे. चौकटीला आतून पुरेसा आधार मिळत नाही. ती कोलमडते, अष्टफलक कडेला कडा लावून लांब साखळ्या करून बसतात. ती पिवळी अवस्था आपल्या कामाची नाही. दिव्याखाली धरा, लाल प्रकाश येत नाही. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत असा नमुना उघडा ठेवायची सोयच नाही.

नॅनोस्फटिकांना आणखी एक दुखणे आहे. द्रावणात ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्याभोवती ओलिक आम्ल आणि ओलिलअमाइन या लांब शेपटीच्या रेणूंचे आवरण असते. ही पकड सैल असते. स्फटिक स्वच्छ करायला नेहमीचा द्रावक घातला की आवरण निघून जाते, पृष्ठभाग उघडा पडतो, तिथले अणू सुटतात आणि प्रकाश विझतो. २०१६ साली स्वर्णकार यांनीच, तेव्हा ते अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत होते, मिथाइल अ‍ॅसिटेट वापरून हा पेच सोडवला. नको ते धुतले जावे आणि हवे ते राहावे इतपतच तो द्रावक सौम्य असतो. काळी अवस्था महिनोन्‌महिने टिकली आणि त्या स्फटिकांच्या सौरघटाने १०.७७ टक्के कार्यक्षमता गाठली. द्रावक बदलला, एवढीच ती गोष्ट. टिकवण्यातही शोध असतो म्हणतो तो अशा कामांमुळे.

तरीही पाण्याचे काय? हे संयुग मिठाच्या जातीचे आहे, पाण्यात त्याचा निभाव लागत नाही. आणि ते फुटले की शिसे बाहेर पडते. प्लॅस्टिकमध्ये कोंडून पाहिले, तर बहुतेक प्लॅस्टिकांतून बाष्प आणि प्राणवायू हळूहळू आत शिरतोच. नेहमीच्या काचेत मिसळावे तर खिडकीची काच वितळायला १४०० अंशांच्या वर तापमान लागते, तिथे आयोडाइड उरणार कसे? एकिमोव्ह यांच्या वाटेने, कमी तापमानाच्या बोरोसिलिकेट किंवा फॉस्फेट काचेत घटक विरघळवून आतच स्फटिक उगवण्याचे प्रयोगही झाले आणि चांगले झाले. पण तिथे जुनीच तक्रार उरते: स्फटिकाच्या पृष्ठभागावर आपला ताबा फार थोडा.

हवी होती अशी काच, जी ३०० अंशांच्या आसपास मऊ पडेल आणि स्फटिकाशी रासायनिक नाते जोडेल. अशी काच एका अनपेक्षित दिशेने आली.

धातू-सेंद्रिय चौकटी, ज्यांना प्रयोगशाळेत सरसकट ‘मॉफ’ म्हणतात, यांच्यासाठी रिचर्ड रॉब्सन, सुसुमु कितागावा आणि ओमर याघी यांना २०२५ चे नोबेल मिळाले. धातूचे अणू हे खांब आणि सेंद्रिय रेणू या तुळया, अशी पोकळ इमारत. त्यातलेच एक घराणे ‘झिफ’. यात जस्ताचे अणू इमिडाझोल या पंचकोनी रेणूंनी जोडलेले असतात. जस्त, इमिडाझोल आणि पुन्हा जस्त यांच्यातला कोन साधारण १४५ अंशांचा असतो. वाळूतल्या सिलिकॉन, ऑक्सिजन आणि सिलिकॉन यांच्यातला कोनही जवळपास तेवढाच. या साम्यामुळे काहींना वाटले, वाळूसारखी हीसुद्धा काच होऊ शकेल का? रूढ उत्तर होते ‘नाही’. अशी चौकट तापवली की वितळण्याआधी करपते, असे मानले जाई. केंब्रिजचे थॉमस बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्क्रिय वायूत तापवून दाखवले की झिफ-४ करपण्याआधी वितळतो, आणि तो द्रव थंड केला की काच मिळते. २०१५ मध्ये ते छापून आले. त्याचा भाऊबंद झिफ-६२ त्याहून सोयीचा निघाला. त्यात थोड्या इमिडाझोलच्या जागी जाडजूड बेन्झइमिडाझोल असतो. तो सुमारे ४३० ते ४४० अंशांना वितळतो, आणि एकदा काच झाली की पुन्हा मऊ पडायला तिला सव्वातीनशे अंशांच्या आसपासचे तापमान पुरते.

हे वितळणे कसे होते, ते फार देखणे आहे. बर्फ वितळताना पाण्याचे रेणू अखंड राहतात, फक्त एकमेकांपासून सुटतात. झिफमध्ये सुटे रेणूच नाहीत, सारे एकमेकांत गुंतलेले. तिथे जस्त आणि नत्र यांच्यातला बंध क्षणभर तुटतो, आणि मोकळ्या झालेल्या जागी शेजारचा दुसरा इमिडाझोल येऊन जोडला जातो. अशी देवाणघेवाण सगळीकडे चालू झाली की पदार्थ वाहू लागतो, तरी कुठल्याही क्षणी पाहिले तर बहुतेक बंध जागच्या जागी असतात. चौकटीची विणही बऱ्याच अंशी शाबूत राहते. थंड झाल्यावर जे हाती येते त्यात धातू आहे, सेंद्रिय रेणू आहेत, आणि क्रमबद्ध मांडणी मात्र नाही. तोवर काचेच्या तीन जाती मानल्या जात: खनिजाची काच, प्लॅस्टिकची काच, धातूची काच. ही चौथी जात म्हणावी लागेल.

आता दोघांची गाठ. २०२१ च्या शेवटी ‘सायन्स’ नियतकालिकात क्वीन्सलँड विद्यापीठाचे जिंगवेई हौ, लियानझोउ वांग, केंब्रिजचे बेनेट आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांचा निबंध आला. पद्धत ऐकायला साधी आहे. झिफ-६२ ची काच आधी करून घ्यायची आणि दळायची. सीझियम लेड आयोडाइडची भुकटी तिच्यात मिसळून गोळ्यांच्या चक्कीत एकजीव करायची. मिश्रण दाबून, निष्क्रिय वायूत, काच मऊ पडेपर्यंत तापवायचे. मऊ काच स्फटिककणांच्या भोवती, फटींत, कोपऱ्यांत शिरते. मग सगळे झपाट्याने थंड करायचे. मातीची भांडी आणि यंत्रांचे कठीण भाग घडवणारे लोक ही रीत फार दिवसांपासून वापरतात: एक घटक घट्ट, दुसरा वाहता, आणि वाहत्याने घट्टाला सांधायचे. पेरोव्हस्काइटसाठी ती वापरण्यासारखी काच तोवर कोणाकडे नव्हती.

परिणाम पाहा. थंड झाल्यावरही आयोडाइड काळेच राहिले. चौकट कोलमडायची तर तिला आकार बदलावा लागतो, आणि चहूबाजूंनी चिकटलेली कडक काच तो बदलू देत नाही. एवढेच असते तर मी याला उत्तम वेष्टन म्हटले असते. पण त्या निबंधाचा खरा मुद्दा दोघांच्या सीमेवर आहे. स्फटिकाच्या पृष्ठभागावर जे अर्धवट, उघडे बंध असतात, ते इलेक्ट्रॉनची ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णतेत घालवतात. काचेशी झालेल्या जोडणीने हे दोष मिटले. काचेतला नमुना सुट्या भुकटीहून अधिक तेजाने उजळला, आणि प्रकाशाचा पट्टाही अरुंद राहिला. वेगवेगळ्या हॅलोजनांचे असे नमुने घेऊन त्यांनी पांढरा एलईडी दिवाही करून दाखवला. पाण्यात बुडवून, द्रावकांत ठेवून, उष्णतेत आणि उजेडात ठेवून तपासले. नमुने टिकले. आणि शिसे बाहेर झिरपण्यालाही काचेने आळा घातला.

इथून हाकेच्या अंतरावरच्या ओगलेवाडीत १९१६ साली काच कारखाना उभा राहिला, आणि तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. कंदिलाची काच ज्योतीला वाऱ्यापासून वाचवते, हे त्या घरांतल्या मुलांनाही ठाऊक होते. पण ती आणखी एक काम करते. तिच्यामुळे तापलेली हवा वर जाते, खालून ताजी हवा ओढली जाते, ज्योत नीट पेटते, काजळी कमी धरते आणि उजेड वाढतो. काच काढून घ्या, वारा नसला तरी ज्योत मिणमिणती होते. झिफची काच स्फटिकाचे नेमके हेच करते. तिला आवरण म्हणून बाजूला काढता येत नाही, ती प्रकाश देण्याच्या क्रियेतच सामील आहे.

उत्साहाच्या भरात मर्यादा झाकायच्या नसतात. ही काच विजेची वाहक नाही. त्यामुळे निळ्या एलईडीसमोर बसवून रंग बदलायला हे मिश्रण उत्तम, पण थेट वीज सोडून त्यातून प्रकाश काढायचा किंवा त्याचा सौरघट करायचा तर इलेक्ट्रॉनना आत-बाहेर करायला वाट हवी. वाट केली की संरक्षणात भगदाड पडते. स्फटिक आणि काच यांच्या सीमांवर प्रकाश विखुरतो, मिश्रण आरपार स्वच्छ राहत नाही. दिव्याला ते चालते, भिंगाला चालत नाही. इमिडाझोलचे झिफ बनवायचे तर सहसा सेंद्रिय द्रावक लागतात, आणि खिडकीच्या काचेच्या भावात ते कधी मिळेल असे मला वाटत नाही. माझ्या मते या मिश्रणाची पहिली खरी जागा क्ष-किरणांच्या पडद्यात असू शकते. शिशासारखा जड अणू क्ष-किरण चांगले अडवतो, आणि पेरोव्हस्काइट नॅनोस्फटिक त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतात, हे २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या कामातून दिसलेच आहे. तिथे नमुना वीजवाहक असण्याची गरज नाही, जाडी चालते, आणि दवाखान्यातल्या यंत्राला घरगुती दिव्यापेक्षा जास्त किंमत परवडते.

शिशाचा प्रश्न मी शेवटासाठी ठेवला, कारण त्यावर मला ठामपणे बोलायचे आहे. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे विद्युत उपकरणातल्या एकजिनसी भागात शिसे वजनाने ०.१ टक्क्याच्या वर, आणि कॅडमियम ०.०१ टक्क्याच्या वर, सवलत नसेल तर चालत नाही. पेरोव्हस्काइट मिश्रणात शिसे यापेक्षा कितीतरी अधिक असते. काच ते धरून ठेवते, ही मोठी गोष्ट आहे. पण दिवा कधी तरी फुटणार, भंगारात जाणार. आपल्याकडे भंगार वेचणारी बाई तो हाताने उचलणार, कोणी तरी तो जाळून तांब्याची तार काढणार. प्रयोगशाळेतली पाण्याची चाचणी अखंड नमुन्यावर होते. मला हवी आहे ती चाचणी फुटलेल्या, कुटलेल्या, ५०० अंशांना जाळलेल्या, आणि नंतर आम्लात बुडवलेल्या नमुन्याची. झिफ सेंद्रिय आहे, हवेत जाळला तर त्याची चौकट उरणार नाही, आणि मग शिसे धरायला कोण? प्रत्येक नव्या निबंधात तेजाच्या आकड्याशेजारी हा आकडाही छापलेला असावा, अशी माझी मागणी आहे. पुणे-मुंबईत हे स्फटिक बनवणारे गट आहेत, मॉफवर काम करणारेही आहेत. भंगाराच्या रस्त्यावर हा पदार्थ कसा वागतो, हे तपासायला त्यांच्याइतके जवळ दुसरे कोणी नाही. समोर बसलेल्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला प्रबंधासाठी विषय हवा असेल, तर तापवलेल्या झिफ मिश्रणातून आम्लात किती शिसे सुटते, हे मोजायला एक भट्टी, थोडे विरळ आम्ल आणि अणुशोषण वर्णपटमापक एवढे पुरेल. मिश्रण करणाऱ्या गटाकडे नमुना मागा, आणि काम सुरू करा.